‘सैल सोडा’ म्हणजे नेमके काय करायचे?

योगवर्गात, दंतवैद्याच्या खुर्चीत, रक्तदाब मोजताना आणि इंजेक्शन घेताना आपल्याला एकच आज्ञा होते : ‘सैल सोडा.’ आज्ञा देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पाळणाऱ्याचीही तयारी असते, पण त्यानंतर फारसे काही घडत नाही. खांदे सेकंदभर खाली येतात आणि पुढच्या श्वासाबरोबर होते तिथे परत जातात. मान आणि खांदे यांच्या दुखण्यापायी गेली काही वर्षे मी शरीरभानाच्या ज्या निरनिराळ्या पद्धती वाचते आणि करून पाहते आहे, त्या सगळ्या याच अडचणीपाशी येऊन थांबतात : जे आखडले आहे हेच मुळात जाणवत नाही, ते सैल सोडायचे कसे? त्यांचे उत्तर वरकरणी उफराटे वाटते. सोडण्याआधी तो स्नायू जाणूनबुजून, अगदी थोडासा, आखडून पाहावा, असे त्या सांगतात.

माझे काम मुद्रितशोधनाचे. पूर्वी कागदी प्रुफे असत, आता बहुतेक काम पडद्यावर होते. पण डोळे ओळीवर, मान पुढे आणि उजवा हात माउसवर ही बैठक तासन्‌तास बदलत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली की श्वाससुद्धा अडतो. खांदा फारच धरला तेव्हा मी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी मला पाठीवर निजवून माझा उजवा हात मनगटापाशी आणि कोपराखाली धरला आणि त्याचे सगळे वजन आपल्या हातांत द्यायला सांगितले. ‘दिलं,’ मी म्हटले. ‘नक्की?’ त्यांनी विचारले आणि आपले दोन्ही हात अलगद काढून घेतले. माझा हात खाली पडला नाही. टेबलापासून वीतभर वर, होता तसाच राहिला. ‘ताई, मग हा आता कोणी धरलाय?’ त्या हसून म्हणाल्या. तो हात मी धरला आहे याची मला खरोखरच कल्पना नव्हती, आणि मला या विषयाकडे ओढले ते त्या प्रश्नाने.

स्नायू स्वतःहून काही ठरवत नाही. मज्जारज्जूतील चेतापेशींकडून संदेश येत राहिला तर तो आकुंचित राहतो, संदेश थांबला की सैल पडतो. आणि त्या चेतापेशींवर मेंदूच्या ज्या अनेक भागांचा अंमल चालतो, त्यांपैकी थोड्यांचाच कारभार आपल्या जाणिवेपर्यंत पोहोचतो. स्नायू किती ताणला गेला आहे याची खबर त्याच्याच आत असलेली सूक्ष्म संवेदी इंद्रिये सतत वर पाठवत असतात. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो याच इंद्रियांमुळे, कारण स्नायू अचानक ताणला गेला की त्याला लगेच आखडायला लावणे हे त्यांचे काम आहे. म्हणून आखडलेली मान हाताने धरून झटक्याने ओढली की ती सैल होण्याऐवजी उलट प्रतिकार करते. हळू आणि बराच वेळ दिलेल्या ताणाने मोकळे वाटते हे खरे आहे, पण तासाभराने पुन्हा त्याच खुर्चीत बसले की खांदे पुन्हा वर येतात, कारण ते वर धरण्याची सवय ज्या ठिकाणी घडली त्या ठिकाणापर्यंत तो ताण पोहोचलेलाच नसतो.

या सवयीला टॉमस हॅना यांनी ‘संवेदन-चालक विस्मृती’ अशा अर्थाचे नाव दिले. हॅना (१९२८–१९९०) मुळात तत्त्वज्ञानाचे अमेरिकन प्राध्यापक. शरीर बाहेरून तपासण्याची वस्तू म्हणून न पाहता ज्याचे त्याला आतून जसे जाणवते तसे अभ्यासायचे, या सगळ्या क्षेत्राला ‘सोमॅटिक्स’ हे नाव १९७६ साली त्यांनीच रूढ केले. त्यांचे म्हणणे असे की काळजी, घाई, दुखापत यांना शरीर जो प्रतिसाद देते तो वारंवार द्यावा लागला की हळूहळू कायमचा होऊन बसतो. भीतीने पोट आत ओढले जाते आणि खांदे पुढे येतात. कामाच्या धावपळीत पाठ ताठते आणि कंबर आत वळते. एका बाजूला लागलेला मार चुकवता चुकवता माणूस कलून चालू लागतो. जखम भरते, परीक्षा संपते, पण मेंदूला ते सोडण्याचे स्मरण राहत नाही. हे तीन साचे मला जरा जास्तच नीटस वाटतात, माणसे इतकी सुबक विभागलेली नसतात. तरी पुण्याच्या कोणत्याही बसथांब्यावर दहा मिनिटे उभे राहिले तर तिन्ही साचे चालताना दिसतात, हेही कबूल करावे लागते.

हॅना यांचा उपाय मात्र मला त्यांच्या वर्गीकरणापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. झोपेतून उठल्यावर मांजर जसे आळोखेपिळोखे देते, म्हणजे नुसते ताणत नाही तर आधी अंग आवळते आणि मग आवळलेले सावकाश सोडत जाते, तेच माणसाने जाणीवपूर्वक करायचे. कुत्री-मांजरी, घोडे, गर्भातले बाळही हे न शिकवता करते. आपणही सकाळी अंथरुणात करतोच. फक्त गजर वाजला की ते अर्ध्यावर सोडून उठतो.

इथे एक सावधगिरी हवी. आखडल्यासारखा वाटणारा प्रत्येक स्नायू खरोखर आकुंचित असतोच असे नाही. स्नायूंतील विद्युत-हालचाल मोजणारी उपकरणे लावली तर नीट विसावलेल्या निरोगी स्नायूत जवळजवळ शांतता आढळते, आणि ज्याला आपण ‘घट्ट झालाय’ म्हणतो अशा स्नायूतही पुष्कळदा तितकीच शांतता असते. घट्टपणाची जाणीव ही काही वेळा संवेदनेचीच तक्रार असते. तेव्हा ‘तुमचा मेंदू चोवीस तास स्नायू आवळून बसला आहे’ असे सरसकट सांगणारे प्रशिक्षक भेटले तर मी ते अर्धेच खरे मानते.

विद्युत-मापनाचा विषय निघाला की शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन (१८८८–१९८३) यांच्याकडे यावेच लागते, आणि माझ्या मते या सगळ्या परंपरेत सर्वांत कमी गाजलेला पण सर्वांत काटेकोर माणूस तोच. क्रमशः शिथिलीकरणावरचा त्यांचा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. हात वाकवण्याची नुसती कल्पना केली तरी हाताच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत-हालचाल होते, हे त्यांनी उपकरणांनी दाखवले. त्यांच्या शिकवणीची सुरुवात एका अतिशय साध्या प्रयोगाने होते आणि तो हे वाचतानाही करता येईल. हात टेबलावर पालथा ठेवावा आणि कोपरापासून पुढचा भाग टेकलेलाच राहू देऊन फक्त पंजा मनगटातून वर, स्वतःकडे वळवावा. मनगटापाशी लगेच एक ठसठशीत ताण जाणवतो, पण जेकबसन त्याबद्दल बोलत नव्हते, कारण तो सांध्यावर पडलेला ताण असतो. कोपराच्या जरा पुढे, हाताच्या वरच्या बाजूला, त्याहून खूपच अंधूक असे काहीतरी असते. ते ओळखायला वेळ लागतो, कधी कधी पहिल्या खेपेला ते सापडतच नाही. स्नायू काम करतो आहे याची खूण ती. पंजा खाली सोडला की ती नाहीशी होते, आणि नाहीशी होताना लक्ष तिच्यावर असेल तर ‘सोडणे’ म्हणजे काय ते पहिल्यांदा कळते : सोडणे ही वेगळी कृती नसून चालू असलेली कृती थांबवणे आहे.

जेकबसन अशा एकेका स्थितीला अख्खा तास देत आणि खूण ओळखता येऊ लागली की पुढे तिची तीव्रता कमी कमी करत नेत. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी ही पद्धत सोयीसाठी आवरती घेतली. आज मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘मूठ जोरात आवळा, सोडा, आता दंड आवळा, सोडा’ असे म्हणत दहा मिनिटांत डोक्यापासून पायापर्यंत जे उरकले जाते, ते त्याच पद्धतीचे संक्षिप्त रूप. त्यानेही झोप चांगली लागते, नाही असे नाही. पण जोरात आवळण्यामुळे अंधूक खूण ओळखण्याचा भाग त्यातून जवळपास गळून गेला आहे, आणि जो स्नायू जाणवतच नाही त्याच्यासाठी तोच भाग महत्त्वाचा होता.

जोर कमी का ठेवायचा, याचे उत्तर मोशे फेल्डनक्राइस (१९०४–१९८४) यांनी फार स्पष्टपणे दिले. पॅरिसमध्ये शिकलेले हे अभियंते जूडोत पारंगत होते. गुडघ्याला वारंवार झालेल्या दुखापतीमुळे त्यांनी स्वतःच्या चालण्याचा अभ्यास सुरू केला आणि त्यातून शिक्षणाची एक पद्धत उभी राहिली. इस्राएलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांना सत्तरीत शीर्षासन करायला शिकवणारे ते हेच. त्यांचा आधार होता एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांचा नियम : दोन वजनांतला फरक आपल्याला कळतो की नाही, हे मूळ वजन किती आहे यावर ठरते. हातात एक पुस्तक असताना त्यावर ठेवलेले पेन जाणवते. पुस्तकांचा गठ्ठा उचललेला असताना तेच पेन ठेवले तरी पत्ता लागत नाही. स्नायूंचेही तसेच. जोर लावून केलेल्या हालचालीत बारीकसारीक अनावश्यक आकुंचने बुडून जातात. जोर जवळजवळ काढून घेतला की ती दिसू लागतात. आपल्याकडे व्यायाम म्हणजे घाम निघाला पाहिजे ही समजूत इतकी पक्की आहे की हा मुद्दा पटला तरी पचत नाही. मलाही हालचाल मोठी करण्याचा मोह आजही होतो.

खांद्याची एक हालचाल इथे सविस्तर देते. जमिनीवर सतरंजी किंवा चटई घालून पाठीवर निजावे, गुडघे उभे, पावले टेकलेली, हात अंगालगत. आधी काहीही न करता जमीन कुठे कुठे लागते तेवढे पाहावे. माझ्या डाव्या खांद्यामागचे फऱ्याचे हाड जमिनीवर पसरून टेकते. उजव्याचे खालचे टोक तेवढे टेकते आणि वरच्या बाजूला बोटे सहज सरकतील एवढी पोकळी राहते. मग उजवा खांदा जमिनीवरून न उचलता कानाच्या दिशेने सरकू द्यावा. किती, तर स्नायू जागा झाला एवढे कळेपर्यंत. कपडा चटईवर घासल्याचा आवाज ऐकू येतो तेवढीच हालचाल पुरते. तिथे क्षणभर थांबून बघायचे, की त्याच्या जोडीला आणखी कोण कोण कामाला लागले आहे : दात आवळले गेले का, जीभ टाळूला चिकटली का, श्वास थांबला का, डाव्या हाताची बोटे वळली का. ज्यांचे या कामाशी काही देणेघेणे नाही त्यांना एकेक करून मोकळे करायचे आणि खांदा मात्र तिथेच ठेवायचा. आता परतीची वाट, वर जायला जितका वेळ लागला त्याच्या दुपटीने. विहिरीत पोहरा सोडताना दोर हातातून सुटू देत नाहीत, मूठ किंचित ढिली करत वीत-वीत सोडतात, तसा खांदा खाली यायला हवा. सुरुवातीला तो सलग येत नाही. मध्येच एक झटका बसतो आणि खांदा बोटभर घसरतो. त्या टप्प्यावर आपला ताबा सुटलेला असतो, म्हणून पुढच्या खेपेला नेमक्या त्याच ठिकाणी आणखी मंद व्हायचे. खाली आल्यावर लगेच पुढची फेरी सुरू न करता दोन-तीन श्वास नुसते पडून राहायचे. मेंदूला झालेला बदल नोंदवायला हा थांबा लागतो, आणि घाईत पहिल्यांदा गाळला जातो तोही हाच.

अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की डाव्या बाजूला वळण्याआधी दोन्ही खांदे जमिनीवर कसे टेकले आहेत ते पुन्हा पाहावे. उजवा जड आणि रुंद वाटू लागतो, आणि आतापर्यंत ‘चांगला’ समजलेला डावा खांदाच किंचित वर राहिल्यासारखा वाटतो. हा फरक एकदा जाणवला की पुढचे काम सोपे जाते, कारण दिवसभरात खांदे वर चढू लागले की ते चढल्याचे मधूनच कळू लागते. पद्धतीचा सगळा उपयोग इथे आहे. जमिनीवरची पंधरा मिनिटे फक्त त्याची तालीम.

कमरेसाठीही तत्त्व तेच. त्याच स्थितीत श्वास घेताना माकडहाड जमिनीवर दाबून कंबर किंचित कमानदार होऊ द्यायची, आणि सोडताना ती कमान सावकाश उतरवत पाठ जमिनीला टेकू द्यायची. पाठ जमिनीवर दाबण्याचा मोह टाळायचा. जबड्यासाठी तर निजण्याचीही गरज नाही. ओठ मिटलेले असताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, त्यांच्यात दोन-चार मिलिमीटर अंतर असावे, ही जबड्याची विसावलेली स्थिती होय. वाचकांपैकी कितीजणांचे दात आत्ता, या ओळीवर, टेकलेले आहेत ते त्यांनीच पाहावे.

हे सगळे पाश्चात्त्यांकडून का शिकायचे, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. पतंजलींनी आसनाची सिद्धी ‘प्रयत्नशैथिल्या’त सांगितली आहे, हठयोगप्रदीपिकेत शवासनाला ‘श्रान्तिहर’ आणि ‘चित्तविश्रान्तिकारक’ म्हटले आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा उपकरणांनी अभ्यास आरंभला, म्हणजे जेकबसन यांच्या ग्रंथाच्याही आधी. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांना अर्धा तास निजवून संथ श्वसन करायला आणि नाकपुड्यांशी आत येणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब यांकडे लक्ष ठेवायला सांगितले होते, आणि अनेकांचा रक्तदाब उतरला. आजच्या कसोट्या लावल्या तर त्या प्रयोगाची रचना कच्ची ठरेल, पण नुसते निजणे पुरत नाही, लक्षाला एक बारीक काम द्यावे लागते, हे त्यात नेमके पकडले होते. तेव्हा आपल्याकडे हे नव्हते असे मुळीच नाही. आपल्या वर्गांत ते शेवटच्या तीन मिनिटांत ढकलले गेले आहे. तेवढ्यात अर्धे लोक चटई गुंडाळू लागतात आणि उरलेल्यांना घरी जाऊन पोळ्या लाटायच्या असतात. पाश्चात्त्य पद्धतींनी वेगळे केले ते एवढेच, की स्थिर पडून ज्यांना हे साधत नाही त्यांच्यासाठी सूक्ष्म हालचालीची पायरी मध्ये घातली.

पुराव्यांबद्दल प्रामाणिक असायला हवे. या कुटुंबातल्या पद्धतींपैकी चांगली मोठी चाचणी झाली ती अलेक्झांडर तंत्राची, म्हणजे बसता-उठताना अंग विनाकारण आखडण्याची सवय ओळखून सोडायला शिकवणाऱ्या पद्धतीची. ब्रिटनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ५७९ रुग्णांवर केलेल्या आणि २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या या चाचणीत ज्यांनी २४ धडे घेतले, त्यांचे दुखण्याचे दिवस वर्षभरानंतर ठळकपणे कमी झालेले आढळले. फेल्डनक्राइस पद्धतीवरचे अभ्यास लहान आहेत आणि हॅना यांच्या पद्धतीवरचे फारच थोडे. म्हणून ‘कुल्ह्याच्या स्नायूंत साठलेले बालपणीचे दुःख मोकळे करून देतो’ अशा जाहिराती दिसल्या की मी पुढे सरकते. मनावर ताण आला की मान, जबडा आणि कपाळ आखडते हे खरे. पण एखाद्या विशिष्ट स्नायूत विशिष्ट आठवण ठेवलेली असते असे म्हणायला आधार नाही. उलट, काहींना डोळे मिटून लक्ष आत वळवले की जास्तच घाबरे होते. अशांनी हट्ट करू नये; डोळे उघडे ठेवावेत किंवा त्यापेक्षा सरळ फिरायला जावे.

आणि सगळेच दुखणे स्नायूंचे नसते. हातापायांत उतरणारी कळ, मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणे, तापाबरोबरची पाठदुखी, चालताना छातीतून खांद्याकडे जाणारे दुखणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. फ्रोझन शोल्डरमध्ये खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरणच जाड होऊन आक्रसलेले असते. कितीही लक्ष देऊन ते सैल पडणार नाही. मधुमेह्यांत ते अधिक आढळते, त्यामुळे त्यांनी ‘आखडलंय जरा’ म्हणून महिनोन्‌महिने काढू नयेत. माझ्यासारख्या टेबलावरच्या कामगारांनी कोपरांना टेकण्याची सोयही आधी करावी. हात अधांतरी ठेवून आठ तास काम करायचे आणि संध्याकाळी चटईवर खांद्यांची समजूत काढायची, यात काही हशील नाही.

माझ्या सासूबाईंना मी ही खांद्याची हालचाल दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं, एवढंच? मला वाटलं काही व्यायाम सांगशील.’ त्यांना जमिनीवर बसता-उठता येत नाही, म्हणून आम्ही आधी पलंगावर करून पाहिले. पण मऊ गादीत अंग रुतते, त्यामुळे काय टेकले आहे आणि काय नाही हे कळेनासे होते, आणि दुसऱ्या फेरीनंतर त्या चक्क घोरू लागतात. झोप मिळाली यात वाईट काहीच नाही, पण शिकणे तिथेच थांबते. आता त्या दुपारच्या चहानंतर पाठीच्या सरळ खुर्चीत बसतात, मांडीवर उशी आणि उशीवर दोन्ही हात ठेवतात, म्हणजे हातांचे ओझे खांद्यांवर राहत नाही, आणि समोरच्या खिडकीकडे बघत एकेक खांदा वर नेऊन सावकाश उतरवतात. फऱ्याचे हाड जमिनीवर कसे टेकते हे खुर्चीत कळत नाही. त्याऐवजी त्या कानाची पाळी आणि खांदा यांच्यातले अंतर बोटांनी मोजून बघतात, एकदा आधी आणि एकदा नंतर.